दूध बनणं वेगळं, उतरणं वेगळं: अंगावर पाजताना काय, कधी आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

बाळ छातीला लावल्यावर दोनच मिनिटांत तोंड फिरवतं, पाठ ताणतं, किंचाळतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोट भरत नाहीये त्याचं." बाटली येते. बाळ ती घटाघटा संपवतं, झोपी जातं, आणि सगळ्यांची खात्री पटते की आईला दूध पुरत नव्हतं.

खरं तर यातून काहीच सिद्ध झालेलं नसतं. बाटलीतून दूध आपोआप येत राहतं आणि तोंडात आलं की बाळाला ते गिळावंच लागतं, मग भूक असो वा नसो. पण त्या बाटलीमुळे छाती एक वेळ भरलेली राहते, शरीर समजतं की एवढ्या दुधाची गरज नाही, आणि आठवडाभरात दूध खरोखरच कमी होतं.

माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी मी याच्या उलट घोळ घातला. पान्हा इतक्या जोरात यायचा की बाळाला ठसका लागायचा आणि ते सोडून द्यायचं. मला वाटलं दूध कमी आहे, म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर पंप लावून बसायचे. दूध आणखी वाढलं, ठसके आणखी वाढले. तीन आठवडे मी चुकीच्या दुखण्यावर इलाज करत होते.

## मुळात दोन वेगळी कामं

दूध बनणं. प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक (हार्मोन) झपाट्यानं उतरतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाट मोकळी होते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. तोवर चीक असतो. तो थोडाच असतो, पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचाभर, पण बाळाची गरजही तेवढीच असते. पुढच्या काही आठवड्यांत सूत्रं संप्रेरकांकडून हळूहळू स्तनाकडेच जातात. भरलेल्या स्तनात दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामा होत गेला की वाढतो. हा हिशेब दोन्ही बाजू स्वतंत्र ठेवतात, म्हणून एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दूध असणं अगदी नेहमीचं आहे.

दूध उतरणं, म्हणजेच पान्हा फुटणं. हे ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम. बाळ चोखू लागलं, कधी नुसता त्याच्या रडण्याचा आवाज आला, तरी दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध नलिकांमधून पुढे ढकललं जातं. वेदना, धास्ती, कुणीतरी टक लावून बघत असणं, यानं पान्हा लांबतो. दूध आत असतं, पण येत नाही. एका पाजण्यात पान्हा एकापेक्षा जास्त वेळा फुटतो. बऱ्याच जणींना फक्त पहिला जाणवतो, काहींना एकही नाही. न जाणवणं हा दोष नाही.

खालचा सगळा क्रम याच फरकावर उभा आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका.

## तयारी: एक दिवस आधी

वही किंवा मोबाइलवर तीन रकाने करा: पाजल्याची वेळ, शू, शी. सलग २४ तासांची नोंद ठेवा. किती मिनिटं पाजलं ते लिहायची गरज नाही. मिनिटांवरून काही कळत नाही, उलट घड्याळाकडे बघत पाजायची सवय लागते. एक बाळ आठ मिनिटांत पोटभर पितं, दुसरं चाळीस मिनिटं नुसतं लुचत राहतं.

तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव लिहा. सर्दीची गोळी आणि गर्भनिरोधकसुद्धा. पुढे याची गरज पडेल.

वजन करायचं तर दर वेळी एकाच काट्यावर आणि कपडे काढून. दोन वेगळ्या काट्यांमधल्या फरकानं किती घरांत विनाकारण रडारड झाली असेल, त्याची गणती नाही.

आणि बाळ रडायच्या आधी त्याला छातीला घ्या. हात तोंडात घालणं, मान वळवून शोधणं, ओठ चाटणं, या भुकेच्या खुणा. रडणं ही शेवटची खूण. रडून लाल झालेल्या बाळावर पुढची कोणतीही तपासणी होत नाही. आधी त्याला उघड्या छातीवर झोपवून शांत करावं लागतं.

## पायरी १: बाळाला पुरेसं मिळतंय का?

पहिला प्रश्न हाच. छाती, पंप, पान्हा हे सगळं नंतर.

शू. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त चांगले ओले लंगोट. डायपर वापरत असाल तर ओलं कशाला म्हणायचं तेच कळत नाही. म्हणून एकदा कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून बघा. तेवढा जड झाला तर तो एक धरायचा.

शी. सुरुवातीची काळी, डांबरासारखी. मग हिरवट. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, सैल, बारीक दाणे असलेली. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा तरी व्हावी. दीड महिन्यानंतर काही बाळं दोन-दोन, चार-चार दिवस करत नाहीत. शी मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर त्याची काळजी नको.

वजन. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत घट सर्रास दिसते. १० टक्क्यांच्या जवळ गेली तर तपासणी हवीच. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यायला हवं आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. रोज मात्र मोजू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

> थांबा, आधी डॉक्टर: बाळ पाजायलाही उठत नाही, अंग ढिलं पडलंय, टाळू खोल गेलीय, चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडतात, सहा-आठ तास शू नाही, कावीळ पायांपर्यंत उतरलीय, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आहे, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दाखवा.

हे तिन्ही ठीक असेल तर बाळाला दूध पुरतंय. मग ते संध्याकाळी दर अर्ध्या तासानं मागत असलं तरी पुरतंय. संध्याकाळचं हे सलग पिणं आणि साधारण दोन-तीन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने या सुमारास दोन-तीन दिवस सारखं पिणं, ही पुढच्या दुधाची मागणी नोंदवण्याची त्यांची रीत आहे. नेमकं याच दिवसांत वरचं दूध सुरू करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

### हे पुरावे धरायचे नाहीत

सहाव्या आठवड्याच्या सुमारास छाती मऊ पडते. दूध आटलेलं नसतं, सुरुवातीची सूज उतरलेली असते. कपडे ओले होणं थांबतं, त्याचंही तेच. पंपानं किती निघालं यावरून किती आहे ते ठरत नाही, कारण बाळ पंपापेक्षा चांगलं काढतं आणि पंपासमोर पान्हा फुटायला बऱ्याच जणींना जड जातं. रात्री बाळ उठतं, हे तर बाळ असण्याचं लक्षण.

## पायरी २: पकड

पकड उथळ असेल तर भरलेल्या छातीतूनही बाळाला थेंबच मिळतात. म्हणून वेगाबद्दल काही ठरवण्याआधी ही बघायची.

बाळाचं पोट तुमच्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत, म्हणजे त्याला मान वळवून प्यावं लागू नये. नाक बोंडासमोर. वरच्या ओठाला बोंडानं हलकेच गुदगुली करा आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. ही वाट बघणं फार जणींना जमत नाही. अर्धवट उघडलेल्या तोंडात बोंड सरकवलं जातं आणि तिथंच बिघडतं. तोंड मोठं उघडलं की बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे वाकवू नका. हनुवटी आधी टेकते, डोकं किंचित मागे झुकतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो. बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या ओठाकडे जास्त दिसतो.

पहिले काही क्षण ओढ जाणवली तर चालेल. त्यानंतरही दुखत राहिलं तर पकड चुकली. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दात-ओठ खात सोसू नका.

> तपासा: बाळानं सोडल्याबरोबर बोंड बघा. गोल आणि जरा लांबट असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चेपलेलं किंवा पांढरं पडलेलं असेल तर पकड उथळ होती. पिताना गालांना खळ्या पडत असतील किंवा टकटक आवाज येत असेल तरीही तेच समजा.

पकड सुधारून दोन दिवस झाले तरी हेच दिसत असेल, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते जाणकाराकडून बघून घ्या.

## पायरी ३: वेग ऐका

आता बाळाची हनुवटी बघा. सुरुवातीला ते भराभर, उथळ चोखतं. हे पान्ह्याला बोलावणं. मग एकदम लय बदलते: हनुवटी खोल खाली जाते, तिथं क्षणभर थांबते, मग वर येते आणि नाकातून 'खा' असा अगदी हलका श्वास सुटतो. ते थांबणं म्हणजे तोंडभर दूध, आणि तो श्वास म्हणजे गिळणं. खोलीतला पंखा बंद करा, आवाज स्पष्ट येईल. याच वेळी दुसऱ्या बाजूनं थेंब पाझरताना दिसले तर पान्हा फुटल्याची आणखी एक खूण.

थोड्या वेळानं पुन्हा फडफडल्यासारखं चोखणं सुरू होतं. पहिला भर ओसरला. आता तीनपैकी काय होतं ते ठरवा:

- भराभर चोखण्याला मिनिटभराच्या आसपास, मग खोल गिळणं, बाळ शांत: वेग ठीक आहे. काहीही बदलू नका.
- लावल्याबरोबर ठसका, गुटकन गिळण्याचे आवाज, तोंडाच्या कडेनं ओघळणारं दूध, सोडून रडणं: वेग जास्त आहे. पायरी ४ अ.
- चोखून चोखून बाळ चिडतं, गिळणं पाच-सात मिनिटांनी सुरू होतं किंवा होतच नाही: पान्हा लांबतोय किंवा दूध कमी आहे. आधी पायरी ४ आ, मगच पायरी ५.

दिवसातून निदान चार पाजणी बघा, त्यातलं एक पहाटेचं आणि एक संध्याकाळचं असू द्या. पहाटे छाती भरलेली म्हणून वेग जास्त, संध्याकाळी कमी. संध्याकाळच्या एकाच पाजण्यावरून निदान करणाऱ्या सगळ्यांचं दूध कमीच निघतं!

## पायरी ४ अ: पान्हा जोरात येतो

तुम्ही मागे रेलून बसा, जवळजवळ आडव्या व्हा, आणि बाळाला वरून पालथं छातीवर घ्या. दुधाला चढावर जावं लागतं, बाळाला डोकं मागे घ्यायला जागा राहते. कुशीवर झोपून पाजलं तर जादा दूध तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर पडतं. एवढ्यानं अर्ध्याहून जास्त घरांतलं भांडण मिटतं, असा माझा अनुभव.

तरी ठसका लागला तर पहिली धार फुटताच बाळाला क्षणभर काढा, धार फडक्यात जाऊ द्या, मग परत लावा. मध्येच ढेकर काढा. एक बाजू बाळानं आपणहून सोडेपर्यंत दुसरी देऊ नका. स्तन भरलेला असतो तेव्हा दूध पातळ असतं आणि रिकामा होत जातो तशी स्निग्धता वाढते. हे हळूहळू होतं, 'पुढचं' आणि 'मागचं' अशी दोन दुधं नसतात. मिनिटं मोजून बाजू बदलली की बाळाला दोन्हीकडचं पातळच मिळतं आणि पोटात गॅस धरतो.

> इशारा: हलकं वाटावं म्हणून पंपानं छाती रिकामी करू नका. शरीर ती मागणी समजतं. फार ठणकलं तर हातानं आराम पडेल इतकंच काढा आणि वरून गार पट्टी ठेवा. दूध सतत फारच जास्त असेल, बाळाचं वजन भराभर वाढत असेल आणि पहिला दीड महिना उलटला असेल, तरच तीन-तीन तास एकाच बाजूला पाजण्याचा प्रयोग करायचा. तोही जाणकाराच्या नजरेखाली, कारण यानं दूध कमी होतं, आणि ते हवं तिथं थांबेलच असं नाही.

## पायरी ४ आ: पान्हा लांबतो

पाजण्याआधी पाच मिनिटं कोमट ओला कपडा छातीवर. बोटांच्या पोटांनी कडेपासून बोंडाकडे हलकेच गोंजारा, दाबू नका. खांदे खाली सोडा. बाळ उघड्या अंगानं छातीशी धरा. दुखत असेल तर दुखण्यावर आधी इलाज करा, कारण दुखेल या धास्तीनंच पान्हा आत राहतो.

पिताना बाळाची हनुवटी मंदावली की स्तन तळव्यात धरून हळू दाबा आणि दाबूनच ठेवा. गिळणं पुन्हा सुरू होईल. थांबलं की सोडा, जागा बदलून परत दाबा. झोपाळू बाळासाठी यासारखा उपाय नाही. गिळणं अजिबात थांबलं की दुसरी बाजू द्या, मग हवं तर परत पहिली.

दोन-तीन दिवसांत गिळण्याचे आवाज वाढले आणि लंगोट जड झाले, तर दूध कधी कमी नव्हतंच.

## पायरी ५: दूध खरंच कमी असेल तर

म्हणजे पायरी १ मधले आकडे कमी आणि पकड, वेग दोन्ही सुधारून झालेले.

१. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. रात्रीचं एक पाजणं अजिबात सोडू नका, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. "रात्री बाटली दे आणि झोप" हा सल्ला प्रेमानंच दिला जातो, पण दूध वाढवायचं असताना तो महागात पडतो.

२. दिवसा दोन-चार पाजण्यांनंतर १० ते १५ मिनिटं हातानं किंवा पंपानं काढा. काही निघालं नाही तरी काढत राहा. इथं दुधापेक्षा मागणी नोंदवणं महत्त्वाचं. पंपाची फनेल बोंडाच्या मापाची हवी. बोंड कडेला घासलं तर ती लहान आहे, काळा भाग बराच आत ओढला गेला तर मोठी. जोर सहन होईल तेवढाच ठेवा. जास्त जोरानं जास्त दूध येत नाही, दुखतं मात्र नक्की.

३. हातानं काढताना अंगठा आणि बोटं बोंडापासून थोडी मागे, समोरासमोर ठेवा. आधी छातीच्या हाडाकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत.

४. दिवसातून एकदा तासभर मिळाला तर: २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप.

फरक दिसायला तीन ते सात दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी निराश होऊन सोडणाऱ्या खूप. पाणी तहानेपुरतं प्या. लोटाच्या लोटा रिचवल्यानं दूध वाढत नाही. जेवण मात्र कमी करू नका, दूध बनवायला शरीराला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात. दूध वाढवणाऱ्या पावडरींवर माझा विश्वास नाही. त्यांच्यामागे भक्कम पुरावा नाही आणि त्यांच्या भरवशावर पाजण्याची संख्या वाढवायची राहून जाते. गोळ्या तर स्वतःच्या मनानं घेऊच नका, काहींचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

> इशारा: बाळ भुकेलं असताना "अंगावरचंच देणार" म्हणून अडून बसायचं नाही. वजन घटत असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं वरचं दूध द्या, आणि त्या प्रत्येक वेळी छातीही रिकामी करा. सहा महिन्यांच्या आत पाणी देऊ नका. पोट भरतं, पोषण शून्य.

## पायरी ६: आठवडा झाला, फरक नाही

आता कारण तंत्रात नाही, दुसरीकडे शोधायचं. गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला असेल तर प्रोजेस्टेरॉन उतरत नाही आणि दूध भरून येत नाही. अशा वेळी रक्तस्राव लांबतो किंवा वाढतो. थायरॉइडचा त्रास, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड), प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, गरोदरपणात छाती जराही न वाढणं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. औषधांची यादी इथं काढा. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधकं आणि सर्दीच्या गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन यांनी दूध कमी होऊ शकतं. सिगारेटनंही.

छातीचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा आणि सोबत ताप असेल तर ही सूज आहे, लवकर दाखवा. पाजणं सुरू ठेवा. गाठ मोडायची म्हणून जोरात चोळू नका, त्यानं सूज वाढते.

## पायरी ७: वरचं दूध कमी करणं

बाळाचं वजन सलग एक आठवडा नीट वाढलं असेल तेव्हाच, आणि डॉक्टरांना विचारून. दिवसभरात मिळून ३० ते ५० मिलिलिटर कमी करा, तीन दिवस तसंच ठेवा, लंगोट मोजा, आठवड्यानं वजन करा. लंगोट कमी झाले तर मागच्या मापावर परत या. डब्यातल्या दुधात पाणी वाढवून 'हळूहळू कमी' करणं हा प्रकार धोकादायक आहे. दूध बनवताना डब्यावर लिहिलेलं मापच पाळायचं, फक्त एकूण दूध कमी करत जायचं.

बाटली देताना बाळाला उभट धरा, बाटली आडवी ठेवा, दर थोड्या वेळानं बाटली खाली झुकवून त्याला श्वास घेऊ द्या. नाहीतर त्या वेगाची सवय लागते आणि छातीवर आलं की ते चिडतं.

सकाळची बाटली आधी बंद करा, तेव्हा छाती सगळ्यात भरलेली असते. संध्याकाळची सगळ्यात शेवटी.